खुलाशाला रकाना नाही

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली सुरू केला, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण या गावात विणलेल्या कापडावर साठ वर्षं विक्रीकर नव्हता, असं सांगितलं की हल्लीची कॉमर्स झालेली मुलं माझ्याकडे संशयाने बघतात. चोरून नव्हे, कायद्यानेच नव्हता. डिसेंबर १९५६ मध्ये राष्ट्रीय विकास परिषदेत राज्यांनी कबूल केलं की कापड, साखर आणि तंबाखू या जिनसांवर आपण विक्रीकर घ्यायचा नाही. केंद्राने त्याऐवजी उत्पादनावर जादा शुल्क लावावं आणि ती रक्कम राज्यांना वाटून द्यावी. १९५७ साली तसा कायदा झाला. त्यामुळे नुसत्या कापडाच्या व्यापाऱ्याला विक्रीकराचा नंबर लागत नसे, पत्रक भरावं लागत नसे, आणि विक्रीकर कार्यालयाचा जिना कुठून चढायचा हेही त्याला माहीत नसे. जुलै २०१७ मध्ये कापड बाजारात जो गोंधळ उडाला त्याचं मूळ इतकं मागे आहे.

सुताचं तसं नव्हतं. सुतावर कर होता, बाहेरच्या राज्यातून आलं तर केंद्रीय विक्रीकर होता, म्हणून सुताच्या पेढीवर दिवाणजी लागायचा. ऐंशीच्या दशकात मी अशाच एका पेढीवर थोरल्या दिवाणजींच्या हाताखाली लागलो. सकाळी रोजमेळ, दुपारी खतावणी, संध्याकाळी उधारीची यादी, असा त्यांचा दिवस. पण त्यांची खरी हुशारी दिसायची ती खर्चीच्या वहीत.

खर्ची म्हणजे व्यापाऱ्याचं सूत आणि मागवाल्याची मजुरी. व्यापारी सुताची बाचकी सायझिंगला पाठवतो, तिथून कांजी लागलेली बिमं खर्चीवाल्याच्या कारखान्यात जातात आणि कापड होऊन परत येतात. सूत किलोत जातं, कापड मीटरात येतं. मधल्या हिशेबाला काउंट, पन्हा, इंचातले पीक म्हणजे आडवे धागे, आणि घट एवढं सगळं लागतं. मजुरीही पिकावर, इंचाला ५२ पीक आणि पिकाला ५ पैसे धरले तर मीटरला २ रुपये ६० पैसे. थोरले दिवाणजी ताका हातात तोलून सांगायचे की यात सूत किती गेलंय. घट जास्त दिसली की खर्चीवाल्याला बोलावणं जाई. तो येऊन म्हणे, "दिवाणजी, सुताची मिल बदलली तुम्ही, ताणा तुटतोय नुसता." मग ते गोदामात जाऊन बाचक्यावरचं लेबल बघत आणि खरं असेल तर वहीच्या समासात दोन ओळी लिहीत. त्या वहीत समासाइतका उपयोगी भाग दुसरा नव्हता. वर्षभराने भांडण निघालं की आधी समास वाचला जाई.

विक्रीकराची असेसमेंट लागायची ती दोन-चार वर्षांनी. वह्या कापडात बांधून आम्ही साहेबांपुढे नेऊन ठेवायचो. साहेब एखाद्या नोंदीवर पेन्सिल टेकवून विचारत, हे काय? दिवाणजी खुलासा देत. पटला तर साहेब आदेशात तसं लिहीत, नाही पटला तर कर आणि दंड लावत, पण का लावला हेही लिहीत. त्या कारणावर मग अपील करता येई. पाकिटं चालायची, हे मी नाकारत नाही. चांगल्या वह्यांपेक्षा चांगली ओळख जास्त कामाला यायची, हेही नाकारत नाही. आणि सी फॉर्म नावाचा छळ होताच. कोइमतूरकडच्या मिलचं सूत सवलतीच्या दराने घेतलं तर इथल्या पेढीने सी फॉर्म पाठवायचा. फॉर्म सरकारी पुस्तकातले, मोजून मिळणारे. मिलकडून स्मरणपत्रांवर स्मरणपत्रं येत आणि आमच्याकडे ती एका तारेत ओवलेली असत. त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायला मी बसलेलो नाही.

अबकारीची गोष्ट निराळी. पन्नास-साठच्या दशकांत लहान कारखान्याला, चार मागांपर्यंत, शुल्कात माफी होती. मग एकेका छपराखाली चार माग वडिलांचे, चार थोरल्याचे, चार मेहुण्याचे अशी नावं लागली. कायदा मोजायला लागला की लोक मोजमापाच्या आत बसतील असं घर बांधतात. यात इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव सगळे सारखेच. पुढे २००३ च्या अर्थसंकल्पात केंद्राने मागवाल्यांना अबकारीच्या साखळीत ओढायचं ठरवलं तेव्हा यंत्रमागाच्या गावांतून जोरदार विरोध झाला, आणि २००४ मध्ये नव्या सरकारने साखळीबाहेर राहण्याची मुभा दिली. आठ माग चालवणाऱ्या माणसाकडून रोजच्या नोंदी होणार नाहीत, एवढं तेव्हा दिल्लीला पटलं होतं.

आता मुद्द्याच्या जवळ येतो. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट आला. व्हॅटचं तत्त्व सोपं: खरेदीवर दिलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करायचा. पण विकणाऱ्याने तुमच्याकडून घेतलेला कर सरकारात भरलाच नाही तर? हा प्रश्न आमच्याच जिल्ह्यातून मुंबई उच्च न्यायालयात गेला. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रेसिंग अँड ऑइल इंडस्ट्रीज या कंपनीने राज्याच्या कायद्यातल्या कलम ४८(५) ला आव्हान दिलं. मे २०१२ मध्ये निकाल लागला तो सरकारच्या बाजूने: तिजोरीत जेवढा कर प्रत्यक्ष आला, वजावट तेवढीच. बुडव्या विक्रेत्यांची नावं खातं संकेतस्थळावर लावेल आणि त्यांच्याकडून वसुली झाली की खरेदीदाराला त्याचे पैसे परत मिळतील, असा दिलासा होता. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१७ साली तिथल्या तशाच कलमाबाबत प्रामाणिक खरेदीदाराला वाचवलं. म्हणजे प्रश्न दोन्ही बाजूंनी वाद घालण्याजोगा होता. व्हॅटच्या काळात निदान तो वाद माणसासमोर होई. बिल, चेक, बिल्टी, वजनकाट्याची पावती घेऊन जाता येई.

मग १ जुलै २०१७. जीएसटीचं नेटवर्क चालवणारी जीएसटीएन ही कंपनी २०१३ मध्ये निघाली होती आणि यंत्रणा उभारायचं सुमारे १,३८० कोटींचं काम २०१५ मध्ये इन्फोसिसला मिळालं होतं. आराखडा कागदावर देखणा होता. विकणारा आपली बिलं पहिल्या पत्रकात भरणार, घेणारा ती दुसऱ्यात तपासून कबूल करणार, तिसरं पत्रक आपोआप तयार होणार. त्यातली दुसरं आणि तिसरं ही पत्रकं नोव्हेंबर २०१७ मध्येच थांबवली गेली आणि पुन्हा कधी आलीच नाहीत. तात्पुरतं म्हणून आणलेलं ३बी हे पत्रक मात्र अजून भरतोय. घेणाऱ्याला 'हे बिल चुकीचं आहे' म्हणायची जी एक जागा आराखड्यात होती, नेमकी तीच पहिल्यांदा गेली. हे कुणी ठरवून केलं असं मला वाटत नाही. पण पाणी जसं उताराकडे जातं तसं यंत्रणा अडली की भार खालच्या माणसाकडे जातो.

साठ वर्षं ज्यांनी विक्रीकराचं पत्रक पाहिलं नव्हतं ते कापडवाले एकदम पोर्टलसमोर आले. मधे कागदाचं शिक्षण झालंच नव्हतं. सुरतेच्या कापड बाजाराने त्या जुलैत दीर्घ बंद पाळला. आमच्याकडे लोकांनी बंदपेक्षा कन्सल्टंट गाठणं पसंत केलं. खर्चीवाल्याकडे ईमेल नसे, मोबाइल मुलाचा असे आणि मुलगा पुण्याला. म्हणून नोंदणीत ईमेल आणि मोबाइल दोन्ही कन्सल्टंटचे पडले. तेव्हा ती सोय वाटली.

जुन्या कायद्यातली शिल्लक वजावट नव्या कायद्यात आणायची तर ट्रान-१ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. देशभर कित्येकांचा तो अडकला. फेब्रुवारी २०१८ मध्ये ॲबिकॉर अँड बिंझेल टेक्नोवेल्ड या कंपनीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने सुनावलं की संसदेची खास अधिवेशनं भरवून करदात्याला काही उपयोग नाही, त्याला आधी संकेतस्थळावर सहज जाता आलं पाहिजे. ही राजवट करदात्याला अनुकूल नाही, असंही न्यायालय म्हणालं. प्रकरणं वाढत गेली. शेवटी जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्को ट्रेड सेंटरच्या खटल्यात पोर्टल पुन्हा उघडायला लावलं, आणि ते १ ऑक्टोबर ते ३० नोव्हेंबर २०२२ असं दोन महिने उघडलं. ज्या फॉर्मचा प्रश्न २०१७ चा, त्याचं उत्तर पाच वर्षांनी. मधल्या काळात ज्यांनी माग भंगारात काढले त्यांना त्या उत्तराचा काय उपयोग!

खर्चीसाठी जो फॉर्म आला, आयटीसी-०४, त्याची कहाणी कुणी लिहिलेली नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. जॉबवर्कला माल पाठवला की प्रत्येक चलनाची नोंद त्यात करायची, आणि परत आलेला माल कुठल्या चलनाचा हेही जुळवायचं. गिरणीला हे जमेल. पण इथे एका बाचक्याचं सूत तीन बिमांत जातं, ती बिमं दोन कारखान्यांत चढतात, एक खर्चीवाला मधेच माग बंद ठेवून गावाकडच्या जत्रेला जातो, आणि उरलेलं बीम व्यापारी दुसऱ्याकडे वळवतो. कापड येतं ते मीटरात. कुठल्या चलनाचं, ते ताका सांगत नाही. फॉर्मला किलो द्यावेत तर कापड किलोत नाही, मीटर द्यावेत तर पाठवलेलं मीटरात नाही. घटीला रकाना होता. घट का झाली त्याला नव्हता. आम्ही सगळ्यांनी मग काय केलं? आधी आकडा जुळवला आणि नंतर त्याला चलनं लावली. हिशेब खरा असूनही फॉर्म खोटा भरायची सवय लागली ती इथे. मुदती एकामागून एक वाढत गेल्या आणि ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने जुलै २०१७ ते मार्च २०१९ या काळासाठी हा फॉर्मच माफ केला. फक्त जॉबवर्करकडे शिल्लक राहिलेल्या मालाचा आकडा पुढच्या तिमाहीत द्यायचा. पावणेदोन वर्षांची जुळवाजुळव पाण्यात गेली आणि कन्सल्टंटची फी तेवढी खरी ठरली.

ऑगस्ट २०१९ म्हणजे महापुराचा महिना. पंचगंगा गावात शिरली होती. कोल्हापूर, सांगलीसारख्या जिल्ह्यांना त्या महिन्यात भरायच्या पत्रकासाठी मुदत वाढवून मिळाली, ते योग्यच झालं. पण जिल्ह्याचा पूर अधिसूचनेत मावतो, घरातलं आजारपण मावत नाही. माझ्याकडे हिशेबाला असलेला एक मागवाला दोन महिने सांगलीच्या दवाखान्यात बायकोच्या उशाशी होता. दिवसाला ५० रुपयांप्रमाणे विलंब शुल्क पुढच्या पत्रकात आपोआप येऊन बसलं. नोटीस नाही, विचारणा नाही. शुल्क भरल्याशिवाय पुढचं पत्रक जात नाही, आणि पत्रक जात नाही तोवर रोजचं शुल्क चालूच. जुन्या साहेबाने कदाचित तेवढंच लावलं असतं. पण त्याच्यापुढे दवाखान्याचं बिल ठेवता आलं असतं.

वजावटीचं पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम ३६(४) आला. पुरवठादाराने पोर्टलवर न दाखवलेल्या बिलांची वजावट, दाखवलेल्या वजावटीच्या २० टक्क्यांपर्यंतच घेता येईल असं ठरलं. जानेवारी २०२० पासून १० टक्के, जानेवारी २०२१ पासून ५ टक्के. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी भारती एअरटेलच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पोर्टलवर दिसणारं पत्रक ही केवळ सोय आहे, करदात्याने कर ठरवायचा तो स्वतःच्या वह्यांवरून. त्या आधारावर कंपनीला ९२३ कोटींचा परतावा नाकारला गेला. आणि १ जानेवारी २०२२ पासून कायद्यातच बदल लागू झाला: पोर्टलवर जे बिल दिसत नाही त्याची वजावट नाही, एक रुपयाही नाही. म्हणजे कंपनी परतावा मागते तेव्हा वह्या खऱ्या, आणि मागवाला वजावट मागतो तेव्हा पोर्टल खरं. मी वकील नाही. या दोन्हींमध्ये कायद्याने विसंगती नाही असं वकील मला समजावतात आणि मी मान हलवतो.

महिन्याच्या ११ तारखेला विक्रेत्याचं पत्रक, १४ ला आमचं २बी, म्हणजे वजावटीला धरता येणाऱ्या बिलांची यादी, तयार, २० ला ३बी. एका आठमागवाल्याने चार लाखांचं सूत घेतलं, पाच टक्क्यांनी २०,००० कर बिलात दिला, पैसे बँकेतून दिले. पुरवठादाराने पत्रक भरलंच नाही. १४ तारखेला बिल दिसेना. फोन केला तर तो म्हणे, "भरतो की, कुठं पळून चाललोय." तीन महिने तो कुठेच पळाला नाही आणि पत्रकही भरलं नाही. आमच्या माणसाने २०,००० दुसऱ्यांदा भरले. आठ मागांच्या मजुरीत ही रक्कम कुठून काढायची ते हिशेबनीसाने सांगायचं नसतं, पण मला ठाऊक होतं: त्या दिवाळीत कामगारांचा बोनस दोन हप्त्यांत झाला. पुरवठादार पत्रक भरतो की नाही हे बघणं पूर्वी सरकारी माणसाचं काम होतं, त्यासाठी त्याला पगार होता. आता ते काम आठमागवाला करतो, स्वतःच्या खर्चाने, आणि त्याच्या हातात समन्स काढायचा अधिकार नाही.

बोगस पेढ्या यामुळे थांबल्या म्हणावं तर तेही नाही. घरबसल्या नोंदणी मिळायला लागली तशी दुसऱ्याच्या विजेच्या बिलावर आणि आधारावर पेढ्या निघाल्या. मे ते जुलै २०२३ मध्ये देशभर बनावट नोंदण्या शोधायची खास मोहीम काढावी लागली. परगावचा व्यापारी कापड उचलून गायब होणं हे या गावाचं जुनं दुखणं आहे. फरक इतकाच की पूर्वी आपण त्याच्या गावच्या अडत्याला विचारून माल देत होतो आणि आता जीएसटी नंबर 'ॲक्टिव्ह' दिसला की देतो.

आणि नोटिसा. कायद्याने पोर्टलवर टाकलेली नोटीस म्हणजे बजावलेली नोटीस. पण बऱ्याच नोटिसा 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' नावाच्या वेगळ्याच कप्प्यात पडत, तिकडे कुणी बघतच नसे. उच्च न्यायालयांपुढे अशी प्रकरणं गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये तो कप्पा ठळक दिसेल असा केला गेला. तोवर कित्येकांवर एकतर्फी आदेश निघाले होते. अपिलाला तीन महिने, फार तर आणखी एक. ते नोटीस न बघताच उलटलेले. इथे २०१७ ची ती 'सोय' आठवा. ईमेल कन्सल्टंटचा, मोबाइल कन्सल्टंटचा, कन्सल्टंट बदललेला. मागवाल्याला पहिली बातमी कळायची ती बँकेने खातं गोठवल्यावर.

यंत्रणेने काहीच भलं केलं नाही असं मी म्हणणार नाही. राज्यांच्या हद्दीवरचे नाके गेले, जकातीची रांग गेली, सी फॉर्मची तार मी स्वतः रद्दीत टाकली. पाकीट मागणारा हातही पूर्वीइतक्या वेळा समोर येत नाही. पण त्याच्यासोबत ऐकणारा कानही गेला. थोरले दिवाणजी आज असते तर पोर्टल महिन्याभरात शिकले असते, याविषयी मला शंका नाही. समास कुठे आहे, एवढंच त्यांनी विचारलं असतं. गावातले दिवाणजी आता डेटा एंट्री करतात. पिकाचा हिशेब तोंडी येणारे दोघे-तिघे उरलेत आणि त्यांना कुणी खुलासा विचारत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम धाग्याच्या सुताचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, कापडाइतकाच. आठ वर्षं मागवाले जे मागत होते ते मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच आठवड्यात, २४ सप्टेंबरला, दिल्लीत जीएसटीच्या अपिलीय न्यायाधिकरणाचं उद्घाटन झालं. कायद्यात ते २०१७ पासून होतं. कर घेणारं पोर्टल पहिल्या दिवसापासून चालू आणि दुसरं अपील ऐकणारं न्यायाधिकरण आठ वर्षांनी. मधल्या काळात खात्याच्या पहिल्या अपिलात हरलेल्या इचलकरंजीकराला मुंबईला जाऊन उच्च न्यायालयात रिट करण्याखेरीज वाट नव्हती, आणि २०,००० रुपयांसाठी मुंबईचा वकील कोण करतो? १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसायला लागलं, म्हणजे ते अंतर तरी तासाभरावर आलं. न्यायाधिकरणाकडचं अपील मात्र पोर्टलवरूनच दाखल करायचं आहे. माझ्याकडे अशा दोघा मागवाल्यांची कागदपत्रं तयार आहेत, बिल्टीपासून वजनकाट्याच्या पावतीपर्यंत. स्कॅन करायला दिली आहेत.